पेटारी की सकरान

शारजा मागे टाकून खोर फक्कानकडे निघालं की डोंगर पोखरून काढलेले बोगदे एकामागून एक लागतात, आणि प्रत्येक बोगद्यात मी गाडीच्या दाराची कडी धरून बसते. माझी लेक इरा म्हणते, "आई, इट्स जस्ट अ टनेल!" मला ते पटतं, पण हात सुटत नाही. मी जन्माचीच भित्री. पुण्यात होते तेव्हा झुरळाला, गच्चीच्या कठड्याला आणि रिक्षावाल्याला भ्यायचे. दुबईत संसार थाटल्यावर त्यात लिफ्ट, रस्त्यावर येणारे उंट आणि कोरड्या ओढ्यातला पूर यांची भर पडली. तेव्हा या हकिकतीतली निम्मी भीती वाचकांनी वजा करावी. उरलेली निम्मी खरी आहे, ती तशीच ठेवावी.

करामा

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे, दुबईतल्या करामा भागात, राहायला आले ते जानेवारीत. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. अजूनही शर्टाच्या खिशात भिंग असतं, आणि ते नसेल तर त्यांना उघड्यावाघड्यासारखं वाटतं. दुबई त्यांना पहिल्याच दिवशी नापसंत पडली. मॉलमधली प्लॅस्टिकची झाडं पाहून म्हणाले, "ही बरी, निदान पाणी तरी पीत नाहीत." रस्त्याच्या कडेचे रंगीबेरंगी वाफे दाखवले तर त्यांनी पाठच फिरवली.

"ही सगळी पाहुणे मंडळी, शुभा. या घरची माणसं कुठायत?"

घरची माणसं म्हणजे या मुलखात आपली आपण उगवणारी झाडं. त्यातही बाबांचा जीव भेंडीच्या कुळावर. भेंडी, कापूस, जास्वंद, अंबाडी ही एकाच घरातली भावंडं, हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं. आपल्याकडे ओसाड जागेत वाढणारी पेटारी त्याच घरातली. तिला कोणी मुद्रा म्हणतं, कोणी अतिबला, आणि खोकल्याला तिच्या पाल्याचा काढाही देतात. तिचं फळ गोल, चक्रासारखं दातेरी असतं. लहानपणी आम्ही ते शाईत बुडवून वह्यांवर शिक्के मारायचो आणि शाळेत मार खायचो. या पेटारीची एक बहीण इथल्या डोंगरांत राहते असं बाबांनी वाचलं होतं. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, फुलावरून नक्की करायची, असा त्यांनी ध्यास घेतला.

"वी आर ड्रायव्हिंग ऑल द वे फॉर अ वीड?" इराने विचारलं.

"तण म्हणजे ज्याला तुम्ही अजून नाव विचारलेलं नाही ते झाड," बाबा मराठीत म्हणाले. इराचं शिक्षण इथलंच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

जायचं ठरलं त्याच्या आदल्या आठवड्यात बाबा कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीचा वॉचमन त्यांना घेऊन आला. ते त्याच्याच लिफ्टमध्ये उभे राहून आमचा मजला शोधत होते. बाबा हसून म्हणाले, "अगं, सगळ्या इमारती जुळ्या आहेत." ते खरंच होतं. मीही पहिल्या वर्षी दोनदा हरवले होते. आम्ही सगळे हसलो आणि त्या कोथिंबिरीच्या वड्या केल्या.

बोगद्यांपलीकडे

ज्यांनी फक्त उंच इमारतींचे फोटो पाहिलेत त्यांना या देशात डोंगर आहेत हेच खरं वाटत नाही. आहेत, आणि चांगले दांडगे आहेत. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना मात्र ते बघवत नाहीत, कारण त्यांच्यावर काही म्हणजे काही नाही. उघडाबोडका, तपकिरी, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा दगड. रस्ता मात्र लोण्यासारखा.

वाटेत एक धरण लागतं. निळंहिरवं पाणी, काठाने चहाची दुकानं, बदकं. आम्ही तिथे करक चहा प्यायलो, म्हणजे दूध आटवून केलेला कडक चहा. आपल्या अमृततुल्याचा तो मावसभाऊच, फक्त वेलची जरा सढळ.

"हे धरण कुठल्या नदीवर?" बाबांनी विचारलं.

"नदी नाही हो बाबा इथे. पावसाचं पाणी अडवतात," मंदार म्हणाला. मंदार माझा नवरा. बाबा त्याला आजही मंदारराव म्हणतात.

पुढचा बोगदा संपला तेव्हा बाबांनी पुन्हा विचारलं, "मंदारराव, ते धरण कुठल्या नदीवरचं?"

मंदारने तितक्याच शांतपणे तेच उत्तर दिलं. मी मात्र फटकन म्हणाले, "आत्ताच सांगितलं ना बाबा!" मी तेव्हा बोगद्याला घाबरले होते, म्हणून माझा आवाज चढला. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

खोर फक्कानला समुद्रासमोरचा एक फ्लॅट दोन रात्रींसाठी घेतला होता. गाव छोटं, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेंगरून बसलेलं. एका टोकाला बंदर, तिथे डब्यांवर डबे रचलेली प्रचंड जहाजं. संध्याकाळी रगाग खाल्ला. तव्यावर हाताने पीठ फिरवून केलेली कागदासारखी पातळ पोळी, आत अंडं आणि चीज. बाबांना तो घावनाचा परदेशी अवतार वाटला. त्यांनी दोन खाल्ले आणि इराला समुद्रातल्या शेवाळांवर एक व्याख्यान दिलं. तिने चक्क ऐकलं. मला बरं वाटलं.

वादी

वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. वर्षभर त्यात दगडगोट्यांशिवाय काही नसतं. मात्र दूर कुठे माथ्यावर पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाण्याची भिंत चालून येते. हे वाचल्यापासून मला वादीत श्वास घेता येत नाही. त्या सकाळी डोंगरावर हाताएवढा एक ढग होता. मी झाडं कमी आणि तो ढगच जास्त पाहिला.

आमची गाडी साधी असल्याने मंदारने ती खडी सुरू होते तिथेच थांबवली. इरा एका कानात गाणी लावून गाडीतच बसली. थोडं चालल्यावर खजुराची एक बाग लागली. तिच्या बांधावर पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. आपण परक्याच्या शेतात शिरलोय या विचाराने मी तिथेच थांबले. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "तफद्दल, तफद्दल!" म्हणजे या, बसा.

झाडाखाली चटई होती. त्यांनी खजूर पुढे केले आणि बिनकानाच्या इवल्या पेल्यांत गहवा ओतला. ती फिक्की, वेलचीची कॉफी. हिंदी त्यांना बऱ्यापैकी येत होतं. "मैं छोटा था, बॉम्बे गया. वालिद लेके गया, आँख का इलाज के वास्ते. बॉम्बे बहुत ज़ैन." ज़ैन म्हणजे छान. बाबांनी पेला रिकामा केला की ते भरत. बाबा सज्जन माणूस, भरलेला पेला परत कसा करणार? ते पीत राहिले. शेवटी मंदारला आठवलं की पुरे झालं असेल तर पेला हलवून परत द्यायचा. आपल्याकडे पानावर आडवा हात धरला की वाढपी थांबतो, तसंच. मी संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू डब्यातून नेले होते, ते त्यांना दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि मान डोलावली.

बागेपलीकडच्या वळणावर बाबांना ती सापडली. दगडांच्या खोबणीत कमरेएवढं झुडूप, राखाडी, जाड, मऊ पानं, जुन्या कांबळ्याच्या तुकड्यांसारखी. बाबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. उठताना त्रास होईल म्हणून मी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाही नाही.

"हीच का?" मी विचारलं.

"वाटतेय. पण ही बाई दुपार कलल्याशिवाय उघडत नाही. फूल बघितल्याशिवाय शिक्कामोर्तब नाही."

नुसत्या कळ्या होत्या, फळ एकही नव्हतं. बाबांनी एक कोवळी फांदी कापून वर्तमानपत्रात गुंडाळली. तिथेच पायाशी दुसरं एक बुटकं झाड होतं, चिकट लवेचं, मांसल पानांचं. त्याचाही एक दांडा त्यांनी घेतला आणि वेगळ्या कागदात बांधला. दोन नमुने कधी एकत्र ठेवायचे नाहीत, हा त्यांचा जुना नियम. ते काय आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "बघू घरी गेल्यावर."

आम्ही परत निघालो तेव्हा म्हातारबाबा बांधावरच उभे होते. बाबांच्या हातातल्या पुड्यांकडे काठी करून ते मोठ्याने काहीतरी ओरडले. वारा होता. आम्हाला ऐकू आलं, "शुक्रान!"

"शुक्रान, शुक्रान!" मंदारने हात हलवून उलट आभार मानले.

ते पुन्हा ओरडले, काठी हलवली. आम्हीही पुन्हा हात हलवले. "काय प्रेमळ माणूस," मी म्हटलं. "चार लाडवांसाठी किती आभार!"

समुद्राकडे तोंड करून

फ्लॅटवर आल्यावर बाबांना खोकल्याची उबळ आली. रात्रीपासून घसा धरला होता. आम्ही तिघं खाली जेवण आणायला निघालो. बाबा म्हणाले, "मी पडतो जरा." मासे ताजे तळून घेतले, त्यामुळे वेळ लागला.

परत आलो तर बाबा गॅलरीत उभे होते. पायात बूट, खांद्याला पिशवी, नजर समोरच्या समुद्रावर. बंदराकडे एक जहाज चाललं होतं.

"पानशेतला एवढी मोठी बोट आणली कशी यांनी?" ते म्हणाले. "आणि पाणी केवढं वाढलंय!"

मी हसले. बाबांचा विनोद असाच असतो, सरळ तोंडाने केलेला.

"हसतेस काय! मुलं सगळी आली का? शिपायाला म्हणावं हजेरी घे. एसटी थांबणार नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. खरी घाई होती. तीस मुलांना सहलीला नेणाऱ्या मास्तरांची. मी हातातलं जेवण खाली ठेवलं आणि त्यांचा दंड धरला.

"बाबा, हा समुद्र आहे. आपण खोर फक्कानला आलोय."

"कुठे?" त्यांनी मला विचारलं.

स्वयंपाकघरात शेगडीवर पातेलं होतं. तळाशी उकडून काळपट झालेला पाला आणि शेजारी रिकामा पेला. एक पुडी उघडी होती. तिच्यातल्या फांदीची खालची पानं ओरबाडलेली, वर टोकाला कळ्या आणि एक-दोन पानं तेवढी शिल्लक. दुसरी पुडी बांधलेलीच.

"काढा घेतलात बाबा? कशाचा?"

"खोकल्याला घेतला," ते गॅलरीतून म्हणाले. कशाचा, ते त्यांना सांगता येईना.

तेव्हा इरा दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आई, दॅट ओल्ड मॅन... ही वॉझन्ट सेइंग शुक्रान."

"मग?"

"सकरान. आय हर्ड इट फ्रॉम द कार. आय थॉट ही वॉज जोकिंग. सकरान मीन्स ड्रंक."

इरा शाळेत पहिलीपासून अरबी शिकते. सोळा वर्षं इथे राहून मला मात्र यल्ला, खलास आणि शुक्रान एवढंच येतं. मंदारने फोनवर शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. सकरान हे या भागातल्या एका झाडाचंही नाव होतं. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात खुरासानी ओवा मिळतो, त्याचा सख्खा भाऊ. हे विष मला बाबांनीच शिकवलं होतं. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भलतंच बरळतो, नाडी धावते. आणि जास्त गेलं तर पुढचं मी मनातही म्हटलं नाही.

ओरबाडलेली फांदी कसली? सकाळी मला दोन झाडं स्पष्ट वेगळी दिसली होती. आता पानं पातेल्यात शिजून गेली होती, देठ कोमेजला होता आणि घाबरलेल्या मला काही ओळखू येईना. बाबांनी कुठली पुडी उघडली होती? मंदारने त्या काडीचा फोटो ओळखणाऱ्या ॲपला दाखवला. प्रत्येक फोटोला त्याने नवं नाव सांगितलं. त्यात एकदा वांगं होतं.

"यल्ला, चल!" मंदार ओरडला. "आधी हॉस्पिटल!"

मी पातेलं, दोन्ही पुड्या आणि पाण्याची बाटली घेतली. ती फांदी बाटलीत खोचली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. लहानपणापासून कापलेली फांदी पाण्याशिवाय ठेवली की बाबा ओरडायचे.

दवाखाना

डॉक्टरीणबाई हैदराबादच्या निघाल्या. मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "मॅडम, टेन्शन नक्को लो, अंकल बात कर रहे ना?" बाबा बात करत होतेच. पलंगावर टेकून ते नर्सला विचारत होते की चहाची व्यवस्था कुठल्या गेटजवळ आहे.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला. "पल्स थोडा तेज है. पुतली भी बड़ी लगती, पर इनका मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ ना, तो उस पे मैं भरोसा नहीं करती. कौनसा पौधा था, मालूम?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हात जोडले. "ये तो मेरे को पालक जैसा दिखता. देखो, अगर सकरान है तो एक-दो दिन इधर रखेंगे, दवा देंगे, उतर जाता. आदमी वापस पहले जैसा."

"और नहीं है तो?" मी विचारलं.

"तो दूसरी जगह देखना पड़ेगा. घर में ऐसा कभी हुआ पहले?"

"नहीं," मी लगेच म्हटलं. इतक्या लगेच, की मंदारने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बसायच्या खोलीत मी पातेलं मांडीवर घेऊन बसले. शेजारी अबायातली, काळ्या पायघोळ झग्यातली, एक म्हातारी बाई होती. तिने काही न विचारता माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "इन्शाल्ला खैर." म्हणजे देव भलं करील. पुण्यातल्या दवाखान्यात आतापर्यंत चौघींनी मला काय झालं, कोण आजारी, कुठल्या तुम्ही, हे विचारून घेतलं असतं. इथे कोणी विचारलं नाही याचा मला आधार वाटला, आणि थोडं एकटंही वाटलं.

भीती एका मर्यादेपलीकडे गेली की हात आपोआप काहीतरी करू लागतात. मी पातेल्यात बोटं घातली. पाला चिमटीत घेऊन उचलला तर बोटांतून तार निघाली. लांब, बुळबुळीत. ज्या बाईने आयुष्यात एकदा जरी भेंडी चिरली असेल तिला ही तार सांगावी लागत नाही. खुरासानी ओव्याच्या घरात कोणी असं बुळबुळीत नाही. मी बाबांकडून त्यांच्या खिशातलं भिंग मागून आणलं. फांदीवर उरलेल्या एका पानाची लव पाहिली. साधे केस नव्हते, एकाच बिंदूतून फुटलेल्या बारीक चांदण्या होत्या, पानभर खच्चून. भेंडीच्या कुळाची खूण. दुसऱ्या पुडीतला चिकट दांडा पानांसकट जसाच्या तसा होता.

"मंदार, पेटारीच आहे बहुतेक. ते सकरान दुसऱ्या पुडीत आहे. म्हातारबाबा त्याच्याबद्दल ओरडत होते."

"म्हणजे विष नाही?" मंदार उभाच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "थँक गॉड! खलास! हबीबी, तू ग्रेट आहेस. चल, डॉक्टरांना सांगू."

मी भिंग खाली ठेवलं.

"मंदार, विष नाही तर मग बाबांना काय झालंय?"

तो खाली बसला. मला एकेक आठवू लागलं. वॉचमनबरोबर लिफ्टमधून परत आलेले बाबा, कुठल्या नदीवरचं धरण, पुण्याहून फोनवर रोज तोच प्रश्न की इरा कितवीत आहे. दरवेळी मी काहीतरी कारण पुरवलं होतं. वय झालं, आई गेली, नवं गाव आहे. आई असेपर्यंत फोन तीच घ्यायची आणि बाबांच्या वतीने तीच बोलायची. ती काय काय सांभाळत होती, कोण जाणे.

मी आयुष्यात अनेक गोष्टींना घाबरले, पण एखादं झाड विषारी निघावं म्हणून देवाची प्रार्थना कधी केली नव्हती. ती त्या खोलीत केली. ते सकरानच असू दे. दोन दिवस बरळू दे, उतरू दे, आदमी वापस पहले जैसा. मी चुकले असू दे. शिजलेल्या पाल्याची तार म्हणजे काही पुरावा नाही, सतरा पाल्यांना तार सुटते. बाबाच म्हणायचे की फुलाशिवाय शिक्कामोर्तब नाही. नक्की सांगता येत नाही, एवढं मी डॉक्टरांना म्हटलं असतं तर त्यांनी विष म्हणून लिहून घेतलं असतं, आणि आम्ही काही दिवस तरी सुखाने झोपलो असतो. फांदी खिडकीत बाटलीत उभी होती. कळ्या मिटलेल्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

दुपार कलली. डॉक्टरांनी बोलावलं. रक्त, लघवी, साखर, सोडियम, सगळं ठीक होतं. मी उठले आणि मला दिसलं, सगळ्यांत वरची कळी उघडली होती. पिवळंधमक फूल, पोटात गडद जांभळा डाग. मधोमध जास्वंदीसारखी नळी, आणि तिच्या टोकाला पुंकेसरांचा झुबका. आता कोणत्याही शंकेला जागा नव्हती. इतकं सुंदर फूल, आणि ते मला बघवेना.

मी बाटली घेऊन आत गेले.

"पता चला?" डॉक्टरांनी विचारलं.

इराने माझा हात धरला. पुष्कळ वर्षांत तिने तो असा धरला नव्हता.

"पक्का पता चला," मी म्हटलं. "भिंडी के खानदान का है. ज़हर नहीं है. और डॉक्टर, घर पे पहले भी हुआ है. मैंने आपको झूठ बोला."

डॉक्टरांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. स्कॅन करू म्हणाल्या, दुबईतल्या मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देते म्हणाल्या, बरेच दिवस लागतील म्हणाल्या. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते.

बाबांची नजर फुलावर गेली होती. ते उठून बसले. "इकडे आणा बघू." मी बाटली त्यांच्यापुढे धरली, भिंग दिलं. त्यांनी ते सराईतपणे डोळ्याला लावलं.

"पाच पाकळ्या, एकीवर एक मुरडलेल्या," ते वर्गात बोलायचे त्या स्वरात म्हणाले. नर्सही थांबून ऐकू लागली. "पुंकेसरांची नळी, म्हणजे कुळ भेंडीचं, मालव्हेसी. आता खाली बघा. जास्वंदीला फुलाखाली हिरव्या पाकळ्यांची दुसरी झालर असते. इथे आहे? नाही. म्हणून प्रजाती अ‍ॅब्युटिलॉन, आपली पेटारी. आणि पानं अशी जाड्याभरड्या कापडासारखी, पोटात हा जांभळा डाग, म्हणून पॅनोसम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच जाडंभरडं कापड."

एक शब्द चुकला नाही. एकदाही ते अडखळले नाहीत. क्षणभर मला वाटलं की सगळं संपलं, ते परत आले, आता म्हणतील, शुभा, भूक लागली.

त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक होतं, खरंखुरं, एखाद्या हुशार परक्या मुलीचं करावं तसं.

"सुरेख ओळखलंत तुम्ही. कोणाच्या वर्गातल्या?"

बाबांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. अगदी माझ्या लग्नाच्या दिवशी, भटजींसमोरसुद्धा नाही. मी बाटली दोन्ही हातांनी धरली.

"तुमच्याच, सर," मी म्हटलं.